मखमलाबादचे आबा म्हणजे मीच! द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि ॲडमिन मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गटाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते पहिल्या दहा ओळींत ओळखतील. बाकीच्यांनी नाव शोधत बसू नये. असे गट आता तालुक्या-तालुक्यात आहेत आणि तुम्ही घेतला तसला निर्णय उद्या कुठेही होऊ शकतो, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितेय.

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला तुम्ही गटावर १४ मोबाईल नंबरांची यादी टाकलीत. वर ठळक अक्षरांत ‘संशयित बोगस सदस्य’. खाली गटातल्या सगळ्यांनाच फर्मान, की आठ दिवसांत आधार कार्ड, सातबारा आणि हातात आधार धरून काढलेला सेल्फी गटावर टाका. तिन्हींवरचं नाव जुळलं तर राहा, नाही तर बाहेर. आणि शेवटची ओळ, जिच्यावर पन्नासेक अंगठे पडले : "बाई असून बाप्या म्हणून आणि बाप्या असून बाई म्हणून वावरणाऱ्यांना इथे थारा नाही."

यादीत नवव्या नंबरवर मखमलाबादचे आबा आहेत. ते आबा म्हणजे मी. वय ४५, बी. कॉम., दोन मुलांची आई, नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारात अडीच एकर थॉमसन द्राक्षं सांभाळणारी बाई. गेली सात वर्षं तुम्ही ज्यांना ‘आबा, तुमचं काय मत’ म्हणून विचारत आलात, ज्यांच्या सल्ल्यावर तुमच्यातल्या काहींनी सबकेन (शेंडा खुडून वाढवलेली पोटकाडी) ठेवली आणि विरळणी केली, ते सगळं टाईप करणारी बोटं माझी होती. हे मी कुणी पकडायच्या आत स्वतःहून सांगतेय, एवढं तरी खात्यावर जमा धरा.

हे कसं झालं ते आधी सांगते.

२०१७ साली मी माझ्या नावानं दुसऱ्या एका गटात गेले होते. ऑक्टोबर छाटणी होऊन वीस-बावीस दिवस झाले होते, रात्रीतून पाऊस झाला आणि सकाळी पानांवर तेलकट डाग. पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. फोटो काढून टाकला. डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आहे हे मला दिसत होतं, ते कुणी सांगायला नको होतं. विचारायचं होतं ते एवढंच, की पान ओलं आहे, पाऊस थांबत नाही, तर फवारणीची वाट बघू का धुरळणी घेऊ, म्हणजे कोरडी पावडरच उडवू? पहिलं उत्तर आलं, "ताई, दादांना विचारायला सांगा." दुसरं, "मॅडम स्वतः शेती करतात, भारीच!" त्यावर आठ-दहा हसरे चेहरे. तिसऱ्यानं डीपीबद्दल काहीतरी लिहिलं. रात्री अकराला एका अनोळखी नंबरवरून, "झोपल्या का?" आणि पाच मिनिटांनी, "जेवलात का?" धुरळणीचं उत्तर शेवटपर्यंत कुणी दिलं नाही. चौथ्या दिवशी डावणी घडात गेली. त्या वर्षी किती माल गेला ते मी अजून माझ्या वहीत लाल पेनानं लिहून ठेवलंय.

पुढच्या दिवाळीत आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, उजवी बाजू गेली. माझे मिस्टर अंबडला कारखान्यात पाळीला. बाग माझ्याकडे आली. आबांचा नंबर तुमच्या गटात आधीपासून होता. ते खाटेवर पडून असायचे, जीभ जड झालेली. मी मेसेज मोठ्यानं वाचायचे, ते डाव्या हातानं खुणा करायचे, मी टाईप करायचे. सुरुवातीला मी फक्त त्यांची बोटं होते. मग काही प्रश्नांना ते नुसते हसायचे आणि माझ्याकडे बोट करायचे, म्हणजे तूच सांग. पुढच्या हंगामात पुन्हा तसंच पान निघालं. मी तोच फोटो, त्याच शब्दांत, आबांच्या नंबरवरून टाकला. दहा मिनिटांत तीन जणांनी लिहिलं. एकानं मँकोझेब या बुरशीनाशकाच्या धुरळणीचं सांगितलं, एकानं पाऊस उघडल्यावर काय घ्यायचं ते सांगितलं, तिसऱ्यानं त्याच्या बागेतलं पान काढून दाखवलं. एकानं तर फोनच केला. मी वाजू दिला आणि नंतर लिहिलं, ‘घसा बसलाय.’

पान एकच, प्रश्न एकच. अध्यक्षसाहेब, या दोन उत्तरांमधलं अंतर तुम्ही कधी मोजलंय का?

मे २०२१ मध्ये आबा गेले. तेव्हा गावात रोज कुणी ना कुणी जात होतं. दहाव्याला पाच माणसं. आपल्या गटावर सकाळ-संध्याकाळ श्रद्धांजलीचे फोटो पडत होते. मी पण मेसेज लिहिला. लिहिला आणि पुसला. कुणाच्या नंबरवरून कुणाला श्रद्धांजली वाहू? आबा गेले म्हटलं की नंबर निघणार, आणि माझ्या नावानं परत आले की पुन्हा ‘दादांना विचारा’. मी फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी विचारलं, "आबा, सबकेनचं काय करू?" मी उत्तर दिलं. तिथून पुढे मात्र मी कुणाची बोटं नव्हते. तिथून पुढे ते सोंग होतं, आणि ते माझं होतं. गावातल्या दोघांना माहीत होतं. ते गप्प राहिले, त्यांना यात ओढू नका.

या सोंगात मी एकाची गुन्हेगार आहे, तेही लिहिते. सांगलीकडच्या एका मुलानं एका अवकाळीच्या रात्री आबांना खासगी मेसेज केला. बाग आडवी झाली होती, सोसायटीचं कर्ज, बायको माहेरी. त्यानं असं काही लिहिलं, की मी मिस्टरांना उठवलं. आम्ही दोघांनी मिळून रात्री दोनपर्यंत त्याच्याशी बोलणं चालू ठेवलं, मिस्टरांनी आबांचा मुलगा म्हणून त्याला फोन केला, सकाळी त्याच्या मामाला त्याच्या घरी पोचवलं. तो आज बरा आहे, बाग करतोय. पण त्यानं जे सांगितलं ते एका म्हाताऱ्या माणसाला सांगितलं होतं. कुठल्याही बाईला त्यानं ते सांगितलं नसतं. हे पत्र टाकण्याआधी मी काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबा गेले कधी?" पुढचं आमच्या दोघांत राहू द्या. शिक्षा द्यायचा हक्क त्याचा आहे, त्यानं दिली तर मी घेईन.

आता तुमच्या निर्णयाकडे येते.

तो का घेतला हे मला मान्य आहे. या फेब्रुवारीत गटात एक ‘मॅडम’ आल्या. एक्स्पोर्ट कंपनीच्या परचेस मॅनेजर. डीपीवर फॉर्मल कपड्यातली तरुण मुलगी. तिघांचा माल थोड्या इसारावर उचलला आणि गायब. चौथ्याकडून कंटेनर बुकिंगच्या नावाखाली ८५ हजार ऑनलाईन घेतले. नंतर कळलं की मागे एक पुरुष होता. वर्षभराचा माल गेलेल्या माणसाचा संताप मी समजू शकते, माझ्या वहीत लाल पेन आहे.

पण या ‘मॅडम’नं मलाही मेसेज केला होता, हे तुम्हाला माहीत नाही. "आबा, मी तुमच्या मुलीसारखी." म्हणजे बघा, बाई झालेला एक बाप्या, आबा झालेल्या एका बाईला मुलगी म्हणून आशीर्वाद मागत होता. मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. मला संशय आला तो यावरून नाही. गटातल्या दोन-तीन भावांनी तिला रात्री अकराला ‘जेवलात का’ केलं होतं, हे त्यांनीच कौतुकानं मला, म्हणजे आबांना, सांगितलं. तिनं म्हणे गोड हसरा चेहरा पाठवला. मी मनात म्हटलं, ही बाई नव्हे. रात्री अकराच्या ‘जेवलात का’ला हसरा चेहरा पाठवणारी नोकरदार बाई मी अजून पाहिलेली नाही.

मी चार दुकानांचे जीएसटी रिटर्न भरून देते. तिच्या कार्डावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. तो परराज्यातल्या फरश्या-टाइल्सच्या दुकानाचा निघाला. दहा फेब्रुवारीला मी स्क्रीनशॉटसकट गटावर लिहिलं, की पूर्ण पैसे बँकेत पडल्याशिवाय कुणी काढणी करू नका. एका ॲडमिननं लिहिलं, "आबा, आता जमाना ऑनलाईनचा आहे, काळजी नको." त्याखाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचे बॅनर आले आणि माझा मेसेज वर निघून गेला. खाली सरकवत जा, अजून सापडेल. बोगस आबांनी दिलेला इशारा खरा होता आणि खऱ्या ॲडमिननं दिलेला दिलासा खोटा होता.

दुसरं म्हणजे, आधार. गटावर सगळ्यांत आधी आधार कार्ड कुणी टाकलं होतं आठवतंय? त्या ‘मॅडम’नंच. आधार, जीएसटी सर्टिफिकेट, व्हिजिटिंग कार्ड, तिन्ही एका दमात. तिन्ही दुसऱ्यांची. चोरानं ज्या कागदावर तुम्हाला फसवलं तोच कागद तुम्ही आता नऊशे माणसांकडून मागताय, आणि तोही उघड्या गटावर. म्हणजे पुढच्या ‘मॅडम’ला नऊशे आधार आयते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये आधारचा निकाल देताना खासगी संस्थांना कराराच्या जोरावर आधार मागू देणारा भाग रद्द केला. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असं झाकलेलं आधार उतरवून घ्यायची सोय सरकारनंच ठेवलीय. का ठेवली असेल? आणि ज्यांनी आधीच टाकलंय, त्या साठ-सत्तर जणांची कार्डं आज कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरली असतील याचा हिशेब कोण देणार?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागलीय. त्या डीपीतली मुलगी.

फसवणूक उघड झाली त्या रात्री आपल्याच गटातून तो फोटो ‘ही चोर बाई दिसली तर कळवा’ असं लिहून फिरायला लागला. खाली काय काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हाला वाटलं चोराचा फोटो आहे. ज्यानं बाईचं सोंग घेतलं त्याच्याकडे स्वतःचा चेहरा नव्हता, त्यानं कुणाचा तरी उचलला असणार, हा एक विचार नऊशे माणसांतल्या कुणाच्या डोक्यात आला नाही. ती मुलगी नाशिकचीच निघाली. माझ्या मिस्टरांच्या सहकाऱ्याची भाची, कॉलेज रोडवरच्या एका ऑफिसात काम करते. नोकरी शोधताना कुठेतरी टाकलेला तो फोटो. महिन्यापूर्वी ती तिच्या मामाबरोबर आमच्याकडे आली होती. भर उकाड्यात स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसली, पण डोक्याचा स्कार्फ सोडला नाही. केस कापलेत म्हणाली, फोटोत लांब आहेत म्हणून. फोन माझ्यापुढे धरला. कुठून कुठून फिरत आलेले ४३ मेसेज. मामेभावाकडून, शाळेतल्या बाईंकडून, ऑफिसच्या शिपायाकडून. एकावर आपल्या गटाचं नाव तसंच राहिलेलं. मी चहा ठेवला होता, तो उतू गेला तरी माझं लक्ष नव्हतं.

तिनं आपली सगळी खाती बंद केलीत. आता एकच आहे, वेगळ्या नावाचं, डीपीवर मोगऱ्याचं फूल. तुमच्या नियमानं तीसुद्धा बोगस.

खोट्या ओळखीबद्दल आणि कुणाचा फोटो लावून केलेल्या सोंगाबद्दल तक्रार आली की २४ तासांत ते काढून टाकायची कारवाई करायची, असं २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर बंधन घातलं. त्या मुलीला हे सांगायला, तक्रार लिहून द्यायला गटातलं कुणी पुढे आलं नाही. गटानं तिची माफी मागणं तर दूरच, फोटो मागे घ्या असा एक साधा मेसेजही ॲडमिनकडून गेला नाही. आपली चूक झाली हे कबूल करायला माणसाचं नाव खरं असावं लागतं की खोटं, मला माहीत नाही. धाडस मात्र लागतं.

त्यात आणखी भर म्हणजे ८५ हजार गेलेल्या भाऊंना तुम्ही बारा दिवस गप्प बसवलंत. "गटाची बदनामी होईल, आपण आतल्या आत बघू." ऑनलाईन पैसे गेले की १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं. तिथे तास मोजायचे असतात, तुम्ही दिवस मोजलेत. आणि ‘आपली हद्द नाही’ हेही कारण आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो.

आता सातबारा. यावर मला जरा बोलू द्या.

आमचा सातबारा आबांच्या नावावर होता. आता वारस नोंद झालीय, त्यात मिस्टर, धाकटे दीर आणि दोन नणंदा. माझं नाव नाही. दीर पुण्याला हडपसरला असतात. चांगला माणूस आहे, पण चार वर्षांत बागेत पाऊल पडलेलं नाही, डावणी आणि भुरीतला फरक त्यांना सांगता येणार नाही. तुमच्या नियमानं ते खरे सदस्य होऊ शकतात. आधार जुळतं, सातबारा जुळतो, सेल्फी जुळतो. पहाटे चारला ब्लोअर चालवणारी मी बोगस. म्हणजे ऑनलाईन खोटं नाव मी लावलं, पण कागदावर आधीच मी नव्हते, त्याला काय म्हणायचं?

माझं माहेर चांदवडजवळ. १९८६ च्या नोव्हेंबरात शरद जोशींनी चांदवडला शेतकरी महिला अधिवेशन भरवलं तेव्हा मी पाच वर्षांची होते, आईचं बोट धरून गेले होते. आठवते फक्त धूळ आणि बायकाच बायका. पुढे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची म्हणून. तुमच्यातले कितीतरी जण त्या बिल्ल्याचे आहात, छातीवर लावून मिरवता. मग सातबाऱ्यावर नाव असेल तोच शेतकरी, हे तुमच्याच हातून लिहिलं गेलं कसं?

यादीतल्या १४ पैकी सहा जणांशी मी या आठवड्यात बोलले. चार बायका आहेत. एक दिंडोरीची, नवऱ्याच्या नंबरवरून. एक निफाडची, तिनं चुलत्याचं नाव लावलंय. एकीनं तर मुलाचं, जो अजून नववीत आहे. पाचवा एकोणीस वर्षांचा पोरगा, वडिलांच्या नावानं, कारण पोरगं म्हणून कुणी उत्तर देत नाही. सहाव्याबद्दल इतकंच सांगते, की कागदावर पुरुषाचं नाव आहे आणि स्वतःला लावून घेतलेलं बाईचं. तिची बाग माझ्यापेक्षा सरस आहे. तुमच्या त्या शेवटच्या ओळीनंतर तिनं गट सोडला. तिनं कुणाचा एक मणीही घेतलेला नव्हता.

गटावर कुणीतरी लिहिलं, "सोंग ते सोंग, दोघंही चोरच." कायदा असं म्हणत नाही. माहिती-तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड घ्या, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ घ्या, पाच वर्षांपर्यंत. दोन्हीकडे शब्द आहे तोतयेगिरी करून केलेली फसवणूक. कुणाला तरी गंडवलेलं असावं लागतं, नुसतं दुसरं नाव लावणं पुरत नाही. मी वकील नाही, पण दोन्ही कलमं चार-चार वेळा वाचलीत, कारण माझ्यावर काय येऊ शकतं ते मला बघायचंच होतं.

आणि कायद्याचं राहू द्या, आपण नाशिकचे. सीतागुंफेपाशी रावण गोसाव्याच्या वेषात आला ही गोष्ट आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. म्हणून पंचवटीत कुणी गोसाव्यांना बंदी घातली नाही. उलट दर बारा वर्षांनी आपण त्यांच्यासाठी अख्खं शहर रिकामं करतो.

मागण्या फार नाहीत.

ती १४ नंबरांची यादी गटावरून काढा आणि ती चुकीची होती असं त्याच गटावर, त्याच ठळक अक्षरांत लिहा. टाकलेली आधार कार्डं, सातबारे, सेल्फी पुसा आणि पुसायला सांगा. ज्यांनी टाकलीत त्यांना त्यांचं आधार लॉक करून ठेवायचं कसं ते समजावून सांगा. हवं तर मी येऊन शिकवते.

त्या मुलीची लेखी माफी मागा, तिच्या मामाच्या घरी जाऊन. नाव-फोटो न टाकता गटावर एक मेसेज करा, की फिरवलेला फोटो एका निर्दोष मुलीचा होता, तो पुसा आणि ज्यांना पाठवला त्यांनाही पुसायला लावा. हे उद्याच करा, बाकीचं बैठकीत ठरलं तरी चालेल.

चौघा फसलेल्यांच्या तक्रारीत गट सोबत उभा राहू द्या. मेसेज, नंबर, गाडी कुणाची होती, काट्याची पावती, सगळं एकत्र करून द्या. वकिलाचा खर्च गटाच्या शिलकीतून करा. मेळाव्याच्या मांडवावर होतो त्याहून तो कमीच असेल.

तपासायचं असेल तर माल घेणाऱ्याला तपासा. फळं-भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आहे, बांधावरचा सौदा कोण कुणाशी करतंय यावर कुणाची नजर नाही. मग ती नजर गटानं ठेवावी. निर्यातदार म्हणवणाऱ्याचा आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, जीएसटी नंबर या तिन्ही गोष्टी दोघा सदस्यांनी पोर्टलवर स्वतः बघाव्यात आणि कंपनीच्या ऑफिसच्या नंबरवर फोन लावून माणूस खरा आहे का ते विचारावं. त्यानं पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नये. अर्ध्या तासाचं काम आहे. मी करायला तयार आहे, फुकट.

आणि सदस्यांना नाव कुठलं लावायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. ॲडमिनपैकी एकाला खरी ओळख माहीत असली की पुरे. तो एक ॲडमिन बाई असावी, नाही तर दिंडोरीची तोंड उघडणार नाही. रात्री नऊनंतर सदस्य बाईला खासगी मेसेज करणाऱ्याला पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा बाहेर. हा नियम आधीच असता तर आबांना एवढी वर्षं टाईप करावं लागलं नसतं.

मला काढायचं असेल तर काढा. माझं सोंग मी मान्य केलंय. पण काढताना कारण ‘फसवणूक’ असं लिहू नका. मी कुणाला काय फसवलं ते नावानिशी लिहा, मी त्याच्या दारात जाऊन उत्तर देईन.

२०२२ च्या मेळाव्यात तुम्ही आबांचा सत्कार ठेवला होता आणि आबांचे गुडघे दुखत होते. शाल आणि श्रीफळ कुणाबरोबर तरी घरी पाठवलंत. नारळ आम्ही फोडला. शाल तशीच घडी घातलेली कपाटात आहे. बैठकीला येताना ती घेऊन येते, परत घ्यायची का ठेवायची ते तुम्ही सांगा.

सध्या खरड छाटणी चालू आहे, दिवसा फोन घरात चार्जिंगला असतो. बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर करा. नंबर आबांचाच. मी उचलेन.

कळावे,
मखमलाबादच्या आबांची थोरली सून